द्वारकाताईंची मुलगी

भेटायला येणारी माणसं कौशल्येच्या गळ्यात पडून रडत होती आणि अनुपमा त्यांना पाणी आणून देत होती.

द्वारकाताई कस्तुरे जाऊन बारा दिवस झाले होते. १९६३ सालचा डिसेंबर चालू होता, अमरावतीत थंडी मी म्हणत होती, तरी बडनेऱ्याच्या रस्त्यावरच्या बालिकासदनात सकाळपासून माणसांची रीघ लागे. वलगावहून बैलगाडीनं बायका येत, तिवशाहून मोटारीनं येत. कुणाचं अडलेलं बाळंतपण ताईंनी सोडवलं होतं, कुणाला नवऱ्यानं टाकल्यावर चार महिने ठेवून घेऊन शिवण शिकवलं होतं, कुणाच्या सासऱ्याशी भांडून तिच्या पोरीचं नाव शाळेत घातलं होतं. फाटकातून आत शिरताच त्या विचारत, "ताईची पोरगी कुठी हाय?" आणि कुणीतरी कौशल्येकडे बोट दाखवी. मग गळ्यात गळा आणि रडारड. कौशल्याही रडे. तिच्या रडण्यात कणभर खोट नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

अनुपमाला मात्र रडू येत नव्हतं. माठापासून ओसरीपर्यंत आणि ओसरीपासून माठापर्यंत तिच्या येरझारा चालल्या होत्या. कोणतं फुलपात्र चेपलंय, कोणत्या सतरंजीचा कोपरा उसवलाय, एवढंच तिच्या ध्यानात येई. रात्री आडवी झाली की झोप लागे, सकाळी उठली की भूक लागे. दुःख होत नाही याचं तरी काही वाटावं, तर तेही वाटत नव्हतं. मुंग्या येऊन बधिर झालेल्या पायावर उभं राहावं, तशी ती उभी होती.

आणि ताईंची पोटची मुलगी होती ती अनुपमा. कौशल्या नव्हे.

हे असं कसं झालं ते सांगायचं तर तीस वर्षं मागं जायला हवं. द्वारकाताई १९३४ साली बुलढाण्याकडून अमरावतीला आल्या तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या, विधवा होत्या आणि कडेवर सहा महिन्यांची अनुपमा होती. मोरोपंत वकिलांनी सदन नुकतंच काढलं होतं. म्हणजे काय, तर चार खोल्या, एक विहीर आणि पाच पोरकी पोरं. मोरोपंतांनी ताईंना एक खोली दिली आणि सदन त्यांच्या हवाली केलं. त्याच महिन्यात पहाटे कुणीतरी फाटकाशी एक तान्ही पोर ठेवून गेलं. ती कौशल्या. गाईचं दूध तिला पचेना, तेव्हा ताईंनी तिला अंगावर घेतलं. एका बाजूला अनुपमा, एका बाजूला कौशल्या. दोघी एकाच दुधावर वाढल्या.

मोरोपंतांनी सदनाला पहिल्या दिवशीच एक नियम घालून दिला होता. इथल्या कुठल्याही मुलीबद्दल 'ही कुणाची' असं विचारायचं नाही, आणि कुणी विचारलं तर सांगायचं नाही. शाळेच्या दाखल्यावर सगळ्या मुलींचं आडनाव कस्तुरे. वकिलांनी नियम केला, पण तो पाळला ताईंनी, आणि असा पाळला की वकीलसुद्धा चकित झाले.

अनुपमा पाच वर्षांची असताना तारा नावाची तिच्याच वयाची एक मुलगी सदनात आली. अनुपमा "आई, आई" करत ताईंच्या पदराला लोंबकळली की तारा टक लावून बघत बसे. एके दिवशी तिनं स्वयंपाकघरात जाऊन मैनाबाईला विचारलं, "माही माय कोन्त्या गाडीनं येते?" मैनाबाई म्हणजे सदनाची स्वयंपाकीण. ताईंच्या मागून वर्षभरात आली आणि तिथलीच झाली. तिनं ते ताईंना जसंच्या तसं सांगितलं. त्या संध्याकाळी ताईंनी अनुपमाला फाटकाबाहेर निंबाखाली नेलं आणि सांगितलं, "उद्यापासून मला आई म्हणायचं नाही. सगळ्या म्हणतात तसं ताई म्हणायचं."

"किती दिवस?" अनुपमानं विचारलं.

"सगळ्याजणी मोठ्या होईपर्यंत."

पोरीनं मान डोलावली. सगळ्याजणी मोठ्या होत होत्या, पण दरवर्षी दोन-तीन नव्या येत होत्या, त्यामुळे ते दिवस काही संपले नाहीत.

ताई एवढ्यावर थांबल्या असत्या तरी चाललं असतं. पण आपल्या हातून पोटच्या पोरीला झुकतं माप जाईल या धास्तीनं त्यांनी दुसरं टोक गाठलं. रविवारी ओसरीवर वेणीफणीची रांग लागे, तिच्यात अनुपमा शेवटी. दिवाळीचे झगे एकाच थानातले, पण उरल्यासुरल्या तुकड्याचा अनुपमाचा. कौशल्येनं दुधाचं पातेलं सांडलं तर ताई म्हणत, "जाऊ दे, भाजलं तर नाही ना बाळ?" अनुपमानं सांडलं तर म्हणत, "डोळे कुठे होते?" ताईंच्या मनात काय असेल ते त्यांच्याजवळ. पण बाहेरून बघणाऱ्या कुणाही शहाण्या माणसाला वाटावं की लाडाची ती पोटची आणि बोलणी खाते ती परकी. गावातल्या जाणत्या माणसांना खरं ठाऊक होतं. ती माणसं एकेक करून गेली. उरलेल्यांना ताईंना एक मुलगी आहे एवढंच ठाऊक, आणि ती कोणती हे ज्यानं त्यानं आपल्या अकलेनं ठरवलं.

असा एक शहाणा माणूस १९५४ साली अकोल्याहून आला. दाजीसाहेब वकील. सुधारक म्हणून त्यांचं अकोल्यात नाव होतं. विधवेची मुलगी सून म्हणून करायला त्यांची हरकत नव्हती. घराणं मात्र माहितीतलं हवं होतं. सुधारणा बेताबेतानं करावी असं त्यांचं मत होतं. त्यांनी ताईंचं भाषण ऐकलं होतं, भारावले होते, आणि धाकट्या मुलासाठी, चिंतामणसाठी, 'आपली कन्या' बघायला येतो म्हणून पत्र पाठवलं होतं.

चिंतामणला अनुपमानं आधी पाहिलं होतं. अमरावतीच्या कॉलेजात तो तिच्या दोन वर्षं पुढं होता. एकदा वाचनालयात त्यानं तिला स्वतःहून आपलं पुस्तक दिलं होतं आणि परत मागायला विसरला होता, किंवा मुद्दामच आला नव्हता. एवढंच. पण वीस वर्षांच्या मुलीला तेवढं पुष्कळ होतं. पत्र आलं त्या आठवड्यात ती विहिरीवर पाणी शेंदताना गाणं म्हणत असे, आणि मैनाबाई आतून हसत असे.

ताईंची रीत अशी की बघायला कुणी आलं तरी एकाच मुलीला नटवून पुढं बसवायचं नाही. लग्नाच्या वयाच्या असतील तेवढ्या सगळ्यांनी बाहेर यायचं, कुणी पाणी द्यायचं, कुणी पोहे द्यायचे, आणि पाहुण्यांनी बोलायचं ते सगळ्यांशी. तारा आदल्या वर्षीच सासरी गेली होती, त्यामुळे त्या वर्षी लग्नाच्या दोघीच होत्या. कौशल्येनं पाणी आणलं, अनुपमानं पोहे आणले. दाजीसाहेबांच्या पत्नी माणिकबाईंनी हसत हसत विचारलं, "यांतली तुमची कोणती?"

"दोघीही माझ्याच," ताई म्हणाल्या.

माणिकबाई समजल्यासारख्या हसल्या आणि बघत राहिल्या. कौशल्या गोरी, नाकेली. तिच्या कपाळावर आलेली बट ताईंनी बोलता बोलता मागं सारली. अनुपमाच्या हातून चमचा खाली पडला, तर ताईंनी तिच्याकडे नुसतं असं पाहिलं की पोरगी आत निघून गेली. माणिकबाईंना काय ते कळलं. आठ दिवसांनी अकोल्याहून पत्र आलं. 'आपली कन्या चि. सौ. कां. कौशल्या आम्हांस सर्वतोपरी पसंत आहे.'

ताईंची पत्रं अनुपमाच लिहीत असे, कारण ताईंचं अक्षर कुणाला लागत नसे. ताईंनी ते पत्र दोनदा वाचलं, तिच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "उत्तर लिहायला बस."

अनुपमा दौत-टाक घेऊन बसली. तिनं 'श्री' काढला, तारीख घातली, मायना लिहिला. मग ती थांबली. ताई आता म्हणतील, त्यांचा काहीतरी घोटाळा झालाय, लिही की कौशल्या आमची मानसकन्या, आणि माझी मुलगी ती दुसरी. टाकाची शाई वाळून गेली. ताई खिडकीतून बाहेर बघत होत्या.

"लिही, आम्हांस मान्य आहे," ताई म्हणाल्या. "त्यांनी मुलगी डोळ्यांनी बघून पसंत केलीय. आपण काही खोटं बोललेलो नाही."

अनुपमानं लिहिलं. अक्षर नेहमीसारखं सुरेख आलं. त्या दिवसानंतर ताईंनी तिच्यासाठी दुसरं स्थळ कधी पाहिलं नाही, आणि तिनं विचारलंही नाही. मुलींच्या शाळेत तिला नोकरी लागली, उरलेल्या वेळात सदन होतंच. शाळेतल्या बाया आपसात म्हणत, बिचारीला आगापीछा नाही, कोण करून घेणार!

कौशल्येला खरा प्रकार अकोल्याला गेल्यावर कळला, सासू शेजारणींना 'ताईंची पोटची मुलगी' म्हणून तिची ओळख करून द्यायला लागली तेव्हा. पहिल्या दिवाळीला ती आली ती घाबरून पांढरी पडूनच. ताईंनी तिला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "विचारलं कुणी तर सांग, मी ताईंची. ते खोटं नाही."

१९५६ साली कौशल्येच्या मुलीच्या बारशाला ताईंनी अनुपमाला अकोल्याला पाठवलं. वाड्यात माणसं मावत नव्हती. जेवणाच्या वेळी माणिकबाईंनी अनुपमाचं ताट मागल्या पडवीत, पंगतीपासून वेगळं मांडलं. जाता जाता एका पाहुणीला म्हणाल्या, "सूनबाईबरोबर वाढलेली आहे हो सदनात. गुणी आहे पोर. पण जात कुठली काय, आपण तरी कसं सांगावं!" आत कौशल्या सोवळ्यात वाढत होती. तिनं पडवीकडे पाहिलं आणि तिच्या हातातली तुपाची वाटी कलंडली.

अमरावतीला परतल्यावर अनुपमानं हे सगळं ताईंना सांगितलं. ताई ऐकून घेत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "बाळ कुणासारखं आहे?"

त्यानंतर अनुपमानं ताईंना काही सांगायचं सोडूनच दिलं. सात वर्षं दोघींनी एका छपराखाली, एका कामात काढली. अडलेल्या बाईच्या घरी कंदील घेऊन दोघी जात, येताना मुकाट चालत येत. ताईंना छातीचं दुखणं लागलं, त्यांचं सगळं अनुपमानं केलं, पाठ चोळून दिली, भरवलं. शेवटच्या दुपारी ताईंनी तिच्याकडे खूप वेळ पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "नव्या दोन पोरींना खरूज झालीय, गंधक लावायला विसरू नकोस." हे त्यांचं शेवटचं बोलणं.

चिंतामण अकोल्याहून आला आणि जावई म्हणून त्यानं अग्नी दिला. अनुपमा फाटकापाशी बायकांत उभी होती. चिंतामणचं पोट सुटलं होतं आणि केस मागं हटले होते, हे तिला दिसलं. त्याबद्दलही काही वाटलं नाही.

तेराव्याला दुपारी सदनाच्या अंगणात शोकसभा ठेवली होती. त्यासाठी माणिकबाई कौशल्येच्या सात वर्षांच्या मुलीला घेऊन सकाळच्या गाडीनं आल्या. दाजीसाहेब दोन वर्षांपूर्वी वारले होते, तेव्हापासून माणिकबाईंचा कडकपणा आणखी वाढला होता. आल्या आल्या त्यांनी ओसरीवर बसून बायकांना सांगायला सुरुवात केली, "आमच्या विहीणबाई म्हणजे साक्षात देवी हो."

मोरोपंत आता पंच्याहत्तरीला टेकले होते. त्यांनी अनुपमाला ऑफिसच्या खोलीत बोलावून दार लोटून घेतलं.

"अनुपमा, नियम मी घातला होता," ते म्हणाले, "आणि इतकी वर्षं मी गप्प बसलो, कारण द्वारकाताईंची तशी इच्छा होती. पण आज त्या नाहीत. आज सभेत त्यांच्या फोटोला हार त्यांच्या मुलीनं घालायचा. मी नाव घेऊन सांगणार आहे. तू फक्त उठून ये."

"कशाला काका?"

"कशाला काय! मी आता किती दिवसांचा? माझ्यामागं सांगणारं कोण आहे? मैनाबाईला कोण विचारतं? तुला आई होती आणि ती द्वारकाताई होती, हे या जगात कुणालाही ठाऊक उरणार नाही, पोरी."

अनुपमा म्हणाली, "बरं. येते मी."

बाहेर आल्यावर तिच्या लक्षात आलं की तिला ते हवं आहे. चारचौघांत एकदा, फक्त एकदा, कुणीतरी म्हणावं की ही द्वारकाताईंची मुलगी. बारा दिवसांत हवीशी वाटलेली ती पहिली गोष्ट होती. बाकी सगळं अजून बधिरच होतं, पण तेवढा एक ठिपका दुखत होता.

मोरोपंतांना कमी ऐकू येई, त्यामुळे ते हळू बोललेलंही मोठ्यानं असे. कौशल्या दाराबाहेरच सतरंज्या झटकत होती. तिनं अनुपमाचा हात धरला आणि तिला विहिरीमागं नेलं.

"मी ऐकलं," ती म्हणाली. "मी तुला थांबवत नाही, अनू. तुझाच हक्क आहे."

"काय होईल तुझं?"

"घरातून काढणार नाहीत. हे तसे नाहीत. पण सासूबाई माझ्या हातचं जेवणार नाहीत. स्वयंपाकघर बंद होईल, देवघर बंद होईल. पोरीला म्हणतील, तुझी आई कुणाची कोण जाणे." तिनं डोळे पुसले. "ते मी सोसेन. पण मला एक सांग. मला ती माझीच वाटते गं. सगळ्यांसमोर ती माझी नाही म्हणून सांगितलं, तर मग मी रडायचं कुणासाठी?"

अनुपमा म्हणाली, "तोंड धुऊन घे. माणसं यायला लागलीत."

सभेला अंगण भरून गेलं. खुर्चीवर ताईंचा फोटो होता, बाजूला ताटात झेंडूचा हार होता. पुढं सदनातल्या तेवीस मुली ओळीनं बसल्या होत्या. वलगावचे पुंजाराम पाटील बोलले, शाळेच्या मुख्याध्यापिका बोलल्या. ताईंचा त्याग, ताईंची माया, ताई अनाथांची माय. शब्द येत होते आणि अनुपमाच्या कानांवरून जात होते. शेवटी मोरोपंत काठी टेकत उभे राहिले.

"आता," ते म्हणाले, "फोटोला हार घालायला मी द्वारकाताईंच्या मुलीला बोलावतो." आणि त्यांनी सरळ अनुपमाकडे पाहिलं. नाव घेण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं, पण खोकल्याची उबळ आली आणि ते थांबले.

अनुपमा उठली होती. ताटाजवळ जाऊन तिनं हार हातात घेतला. समोर माणिकबाई नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी कौशल्या मान खाली घालून, गालात बसायच्या चपराकीची वाट बघितल्यासारखी बसली होती. अनुपमाच्या मनात एवढंच आलं, की जिनं सांगायचं होतं तिला एक वाक्य पुरलं असतं. शाई वाळेपर्यंत आपण थांबलो होतो. तेव्हा तिनं सांगितलं नाही, मग आज आपण कोण सांगणार? आईला नको होती ती मुलगी गावाला दाखवून काय करायचं?

हा तिचा मोठेपणा नव्हता. कुणी तसं समजू नये. तिला फक्त पुढं काही करावंसं वाटेना.

ती कौशल्येपाशी गेली आणि हार तिच्या हातांत दिला. "ऊठ, कौशे," ती म्हणाली. "बोलावतायत."

खोकला थांबला तेव्हा मोरोपंतांनी पाहिलं, आणि ते खाली बसले. कौशल्येनं हार घातला. मग लोकांनी आग्रह केला म्हणून ती दोन शब्द बोलली. "माझी आई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला, "माझी आई मला आयुष्यात एकदाही रागावली नाही." अंगणात सगळ्यांनी डोळ्यांना पदर लावले. अनुपमा मागं, तेवीस मुलींच्या ओळीच्या टोकाला जाऊन बसली. शेजारच्या पोरीच्या हाताला गंधक लावलेलं होतं, त्याचा वास येत होता.

सभा आटोपली. अकोल्याची मंडळी संध्याकाळच्या गाडीनं निघायची होती म्हणून घाई चालली होती. अनुपमा स्वयंपाकघरात चहाचं आधण बघायला आली, तर मैनाबाई चुलीसमोर पाट मांडून बसली होती आणि चूल तिनं पेटवलीच नव्हती.

"काहून गप राह्यली वं तू?" मैनाबाई फाडकन म्हणाली. "वकीलसाहेबानं तुह्याकडं पाहूनच म्हनलं ना? मंग त्या कौशीच्या हाती काहून देल्ला हार?"

"जाऊ दे, मैनाबाई."

"कसं जाऊ देऊ? तीस साल झाले मले या चुलीपाशी. म्या दोघींलेही खेळवलं. कौशी चांगली हाय, तिचं वाईट नाही मांगत मी. पन माय तुही होती ना?"

"माझी होती तर त्या दिवशी बोलली असती," अनुपमा म्हणाली. आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ घातलं का विचारावं असा. "अकोल्याचं पत्र आलं तेव्हा. मी टाक धरून बसले होते. तिला एक शब्द बोलायचा होता. तिला मी नकोच होते, मैनाबाई. ती सगळ्यांची आई होती, त्यात मी एक जास्तीची होते."

मैनाबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

"अवो माय! हे धरून बसली तू नऊ साल?" ती म्हणाली. "कागद लिहून झाला अन् ताई इथं आल्या. इथंच, या पाटावर बसल्या. मले म्हनल्या, वाढ मैना, भूक लागली. एकच येळ जेवनारी बाई थे, पन त्या सांजीले दोन भाकरी खाल्ल्या मिरचीसंग. अन् मंग हासल्या. मले म्हनल्या, 'मैना, माझी अनू गेली नाही. त्यांनी चूक केली आणि मी ती सुधारली नाही. मला पाप लागेल, पण मला फार बरं वाटतंय. ती आता माझ्याजवळच राहील.' अन् रडल्या. मले शपथ घातली, कोनाले सांगू नोको म्हने."

अनुपमा उभीच होती. "आणि दुसरं स्थळ?"

"दोन आले व्हते. एक यवतमाळचं, एक खामगावचं. ताईनं परस्परच नाही म्हनून देल्लं. मी म्हनलं, ताई, पोरीचं वय निघून चाललं. तं म्हनल्या, 'सगळ्या मुली मी देऊन टाकते मैना, एक तरी राहू दे.'"

अनुपमा हळूहळू खाली बसली. आधी तिला काहीच कळेना. मग पायातल्या मुंग्या जाताना कळ येते तशी एक कळ पोटातून वर आली, आणि तो राग होता. एवढा राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता. तिला विचारलं का? एकदा तरी विचारलं का? नऊ वर्षं नकोशी म्हणून जगले मी, पडवीत बसून जेवले मी, आणि हिनं इथं बसून दोन भाकरी खाल्ल्या! माझा संसार दाबून ठेवला आणि मला सांगितलंसुद्धा नाही की तू मला हवी आहेस. बाळ कुणासारखं आहे म्हणे! तिनं पाटावर मूठ आपटली. पुन्हा आपटली. आणि मग ती रडायला लागली. पदर तोंडात कोंबला तरी आवाज थांबेना. लहान पोर हट्टानं रडतं तशी ती मोठमोठ्यानं, हुंदके देत, हातपाय आखडून रडत होती.

बाहेर टांगा आला होता. निरोप घ्यायला आतबाहेर करत असलेल्या माणिकबाई आवाज ऐकून स्वयंपाकघराकडे आल्या. त्यांच्यामागं कौशल्या होती. मैनाबाई चटकन उठली आणि दोन्ही हात चौकटीला लावून दारात उभी राहिली.

"कोण रडतंय गं इतकं?" माणिकबाईंनी मान उंच करून विचारलं.

मैनाबाईनं त्यांच्या खांद्यावरून कौशल्येकडे पाहिलं. कौशल्येचा चेहरा उतरला होता.

"कोनी नाही, बाई," मैनाबाई म्हणाली. "सदनातलीच पोरगी हाय एक."

"अगं बाई!" माणिकबाई म्हणाल्या. "एवढं तर आमची कौशल्यासुद्धा रडली नाही, पोटची असून."

मैनाबाई दार अडवून तशीच उभी राहिली, आणि आत अनुपमा रडत होती.